बसवलेली साक्ष

पडेगावच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष कुणी देत नसे. साक्ष बसवली जाई. शाळेच्या गॅदरिंगला नाच बसवतात, तशी. बसवणारी होती रविवारी पोरांना बायबल शिकवणाऱ्या शब्बाथशाळेची मार्थाबाई त्रिभुवन. तिच्या हाताखालून गेलेलं पोर आजवर एकदाही अडखळलं नव्हतं, याचा तिला अभिमान होता. अभिमान हे पाप आहे, हेही ती दरवर्षी शिकवायची, पण ते निराळं.

साक्ष म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ख्रिस्ती घरातल्या लेकराचा बाप्तिस्मा ते पाळण्यात असतानाच होतो. तेव्हा त्याच्या वतीनं आईबाप बोलतात. पुढं पोर पंधरा-सोळा वर्षांचं झालं की बिशपसाहेबांपुढं उभं राहून त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं की होय, हा विश्वास माझा आहे. त्याला दृढीकरण म्हणतात. बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात आणि त्या दिवसापासून त्या पोराला प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, बसता येतं. पडेगावात त्याआधी आणखी एक रीत होती. प्रत्येकानं सगळ्या मंडळीसमोर सांगायचं, की प्रभू मला कसा भेटला. ही साक्ष.

ही रीत पडली मार्थाबाईच्या सासऱ्यांमुळं. सांडूआबा त्रिभुवन राहायचे बिडकीनला. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, पण सांडूआबांची सिंदी काही गेली नाही. सिंदी प्यायची, पारावर बसून पत्ते कुटायचे आणि घरी जाऊन सारजाबाईला, म्हणजे बायकोला, बडवायचं, असा त्यांचा नेम होता. एकदा असेच ते ओढ्याकाठी ओकून पडले असताना मिशनची एक बाई तिथून चालली होती. गावोगाव फिरून येशूचं शुभवर्तमान सांगायचं तिचं काम. तिनं पदर ओला करून त्यांचं तोंड पुसलं. आबांनी डोळे किलकिले करून विचारलं, "हे काम तुला कुणी सांगितलं गं?"

ती म्हणाली, "माझ्या मालकानं."

आता आपल्याकडं बाई मालक म्हणते ती नवऱ्याला. आबांचं डोकं चक्रावून गेलं. दारुड्याचं तोंड पुसायला बायकोला धाडणारा हा नवरा आहे तरी कोण? शुद्धीवर आल्यावर ते त्याला शोधत निघाले. मिशनच्या बंगल्याच्या दाराशी उभं राहून त्यांनी विचारलं, "बाईचे मालक हायेत का घरी?" बाई विधवा निघाली. मालक कोण, ते तिनं सांगितलं. आबा हसले आणि घरी आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. मग जातच राहिले. होता होता सिंदी सुटली, पत्ते सुटले, आणि बायकोवर उठणारा हात खाली आला. सारजाबाईला काही ते खरं वाटेना. नवरा मारत नाही म्हणजे आजारी असणार, असं समजून तिनं त्यांना महिनाभर काढा पाजला.

आबा पडेगावला येऊन ही साक्ष द्यायचे तेव्हा मंडळी आधी हसायची आणि मग डोळे पुसायची. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "मी मालकाला शोधाया गेलो, अन् मालकच मला भेटला." त्यात एक शब्द खोटा नव्हता.

घोटाळा झाला तो पुढं. साक्ष म्हणजे आबांसारखी, असं पोरांच्या डोक्यात पक्कं बसलं. एका दृढीकरणाला मंडळीतल्या फकिरा नावाच्या माणसाचा मुलगा उभा राहिला आणि बिशपसाहेबांच्या तोंडावर खणखणीत आवाजात म्हणाला, "मी सिंदी प्यायचो, पत्ते खेळायचो आणि बायकोला मारायचो." पोराला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. बिशपसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. दुसऱ्याच दिवशी चर्च सांभाळणाऱ्या पाळकसाहेबांनी मार्थाबाईला बोलावून सांगितलं, की बाई, इथून पुढं तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही साक्ष उभी राहता कामा नये.

बायबलातली मार्था सदा कामात, तशी मार्थाबाईही नावाप्रमाणंच कामाची बाई. तिनं सिंदी काढली, पत्ते काढले, बायको तर आधी काढली. उरलं ते असं: मी अंधारात होतो. पापाच्या वाटेनं चाललो होतो. तेव्हा प्रभू मला भेटला. आता मी त्याचा आहे. मुलगी असली तर होते, चालले. साक्षीच्या वेळी ती पहिल्या बाकावर बसून नुसते ओठ हलवायची, म्हणजे कुणी विसरलंच तर तिच्याकडं बघावं. सगळ्यांना सोय झाली. पोरं पाठ करायची, आया खूश, पाळकसाहेब खूश.

मग पाळी आली तिच्या स्वतःच्या लेकीची.

एस्तेर तेव्हा मॅट्रिकच्या वर्षाला होती. वाळूजला नवे कारखाने निघत होते, त्यातल्या एकात तिचे वडील प्रभाकर नोकरीला लागले होते आणि मंडळीत पंचही होते. रविवारी बिशपसाहेब यायचे होते. बुधवारी संध्याकाळी मार्थाबाई तांदूळ निवडायला बसली आणि लेकीला म्हणाली, "हं, म्हण बघू एकदा."

"मी अंधारात होते," एस्तेरनं सुरुवात केली आणि ती थांबली. "आई, कधी?"

"काय कधी?"

"अंधारात मी कधी होते? आबा होते, ते ठीक आहे. मी तर दिवा लावलेल्या घरात जन्मले."

"अगं, तसं म्हणायचं असतं. बरं, ते गाळ. पुढचं म्हण."

"पुढचंच म्हणता येत नाही." पोरगी सुपातला एक खडा उचलून बोटांत फिरवत राहिली. "प्रभू मला भेटला. कुठं भेटला? आबांना विचारलं तर ते जागा सांगतात. ओढा सांगतात, बंगल्याचं दार सांगतात. मला नाही भेटला अजून."

"एस्तू!"

"मी त्याला नको म्हणत नाही गं. मला तो आवडतो. रोज बोलते मी त्याच्याशी. पण भेटला असं नाही वाटत. भेटला की सांगीन. तुलाच आधी सांगीन. या खेपेला माझं राहू दे."

पोरगी उद्धटपणे बोलली असती तर मार्थाबाईनं एक ठेवून दिली असती. देवच नाही म्हणाली असती तर वाद घातला असता. पण हे असं सरळ, डोळ्यांत डोळे घालून सांगितलेलं, याला काय उत्तर द्यायचं? होय तर होय म्हणावं, नाही तर नाही म्हणावं, हे त्या पोरीला शिकवलं कुणी? तिनंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि निवडलेलेच तांदूळ परत निवडले.

त्यातून तिच्या मनाला दुसरीच टोचणी लागली. मला तरी कधी भेटला? ओढा नाही, बंगला नाही. चर्च झाडता झाडता, पोरांना गाणी शिकवता शिकवता, एस्तूच्या वेळी बाळंतपणात जीव जायची वेळ आली तेव्हा, कधीतरी असं झालं होतं की तो आहे हे विचारावंसंच वाटेना. पाण्यात मीठ विरघळावं तसं. कुठल्या दिवशी, ते तिलाही सांगता आलं नसतं. हे तिनं लेकीला तेव्हाच सांगितलं असतं तर! पण ते तिच्या लेखी साक्षीत बसणारं नव्हतं. साक्षीत प्रभू भेटावाच लागतो.

रात्रीच्या जेवणाला प्रभाकरना कळलं. त्यांनी घास तसाच हातात धरला. "बिडकीनला निरोप गेलाय. आबा येतायत. पंचाच्याच घरातली पोर मागं राहिली तर लोक शेण घालतील तोंडात."

"पण ती म्हणते..."

"तिला काय कळतंय! तू बसवतेस ना सगळ्यांची? मग बसव."

दुसऱ्या दिवशी मार्थाबाई तडक पाळकसाहेबांकडं गेली. लेकीचं नाव काढून घ्यायचं, असं ठरवूनच ती घरातून निघाली होती. पाळकसाहेब चर्चच्या आवारात बाहेर काढलेल्या बाकांना रंग देत होते. बिशपसाहेब यायचे म्हणून. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत.

"मार्थाबाई, बिशपसाहेब पुन्हा येतील ते दोन-तीन वर्षांनी," ते म्हणाले. "तोवर एस्तेर कॉलेजात गेलेली असेल. कॉलेजात गेलेली आपली किती पोरं चर्चला येतात, तुम्हीच सांगा. आत्ता हात निसटला की निसटलाच."

"ती खोटं बोलायला नको म्हणते, पाळकसाहेब."

"आणि तुमचीच मुलगी म्हणाली की भेटला नाही, तर बाकीच्या पोरांच्या आया मला विचारतील, आमच्यांना तरी भेटला का? मी काय सांगू?"

मार्थाबाईच्या तोंडून निघून गेलं, "भेटला का हो त्यांना?"

पाळकसाहेबांनी ब्रश डब्यात बुडवला. "रंग ओला आहे, बाई. पदर सांभाळा." मग खालच्या आवाजात म्हणाले, "कधी कधी शब्द आधी येतो, विश्वास मागून येतो. तसंही होतं."

घरी येताना ती हे वाक्य घोकत आली. नाव काढून घ्यायचं राहिलंच. घोकून घोकून ते अर्धं खरं वाटायला लागलं, पण पुढचं अर्धं काही केल्या गळ्याखाली उतरेना. दौलताबादच्या रस्त्यावर ट्रक धुरळा उडवत चालले होते. वाटेत भेटलेल्या बायकांनी विचारलं, काय बाई, लेकीची तयारी झाली का? तिनं मान हलवली. आपली मान आपण हलवत नाही, कुणीतरी हलवतंय, असं तिला वाटलं.

शनिवारी दुपारी बिडकीनचा शेजारी कडूबा सांडूआबांना एसटीनं घेऊन आला. आबांना आता दिसत जवळजवळ नव्हतंच. उंबऱ्यातच त्यांनी नातीचं तोंड चाचपलं आणि म्हणाले, "लई वाढली गं! उद्या तुझ्या तोंडून ऐकलं का मी मोकळा. त्या म्हाताऱ्या शिमोनावानी." शिमोन म्हणजे मंदिरात बाळ येशूला हातांवर घेऊन आता सुखानं मरतो म्हणणारा म्हातारा. एस्तेर हसली. पण हसताना तिनं आईकडं बघितलं, आणि मार्थाबाईनं नजर चुकवली.

दिवस कलल्यावर तिनं लेकीला मागल्या दारी धुण्याच्या दगडापाशी बोलावलं. काय बोलायचं ते तिनं दुपारभर मनात जुळवलं होतं. प्रत्यक्षात एवढंच म्हणाली, "आबांसाठी म्हण."

"देवासमोर उभं राहून आबांसाठी म्हणू?"

"हो."

"खोटं?"

"चार वाक्यं आहेत, एस्तू. चार वाक्यांनी कुणी मरत नाही. आबा मात्र पुढच्या वेळेला नसतील." हे बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हाताऱ्याच्या मरणाची भीती घालून पोरीला कोंडीत पकडायचं, याच्याइतकं हलकं काम तिनं आजवर केलं नव्हतं. पण तिला दुसरा रस्ताच दिसेना. नवरा, पाळकसाहेब, मंडळी, सासरा, चारी बाजूंनी माणसं उभी होती आणि सगळी आपलीच होती.

एस्तेरनं दगडावरची रिकामी बादली उचलली. मग म्हणाली, "बरं."

हे बरं ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल, असं मार्थाबाईला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं. मुली पांढऱ्या साड्यांत, मुलं पांढऱ्या शर्टांत. मार्थाबाई पहिल्या बाकावर तिच्या ठरलेल्या जागी बसली, शेजारी काठीवर हनुवटी टेकून आबा. एकेक पोर उभं राहिलं, अंधारात होतं, वाटेनं चाललं होतं, भेटला, त्याचा झाला. मार्थाबाईचे ओठ हलत होते. शेवटी एस्तेर उठली.

तिनं आईच्या ओठांकडं बघितलंसुद्धा नाही. ती बिशपसाहेबांकडं बघत होती.

"मी अंधारात होते," ती म्हणाली. "कुणाला दिसत नव्हतं, कारण माझ्या घरात दिवा होता. मागच्या वर्षी माझी आई फार आजारी पडली. ताप उतरेना. सगळे दमून झोपले होते, मी एकटी तिच्या उशाशी बसले होते. मी म्हटलं, प्रभू, तू असशील तर ये. आणि कुणीतरी माझ्या शेजारी येऊन बसलं. मी वळून बघितलं नाही. पण मला कळलं, कोण आहे ते. पहाटे आईचा ताप उतरला. तेव्हापासून मी त्याची आहे." भेटला हा शब्द तिनं उच्चारलाच नाही, आणि शेवटी तिचा आवाज असा कापला की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. प्रभाकरनी चष्मा काढून पुसला. बिशपसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो जरा जास्तच वेळ.

मार्थाबाईचे ओठ अर्धवट उघडे राहिले होते. मागच्या वर्षी तिला साधं पडसंही झालं नव्हतं, आणि हे प्रभाकरनाही ठाऊक होतं.

पोरीनं जागा सांगितली होती. ओढ्यासारखी, बंगल्याच्या दारासारखी. साक्षीला जागा लागते ना, मग घ्या जागा. आणि ती चिडून बोलली असंही नव्हतं. सांगितलेलं काम चोख करावं, तशी ती बोलली. शेवटी आईचीच लेक. अडखळली नाही.

उपासना सुटली तशा बायकांनी मार्थाबाईला गराडा घातला. अशी साक्ष आजवर झाली नाही, म्हणाल्या. आजवरच्या सगळ्या साक्षी हिनंच बसवल्या होत्या, हे विसरून म्हणाल्या. मग फकिराच्या बायकोनं तिचे हात हातात घेतले. "बाई, एवढं दुखणं काढलंत आणि आम्हाला कळवलं पण नाही! कधी झालं हो हे?"

सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. पलीकडं एस्तेर उभी होती, तीही बघत होती. मार्थाबाईला वाटलं, आत्ता. आत्ताच सांगून टाकावं. तिनं तोंड उघडलं.

"पावसाळ्यात," ती म्हणाली. "टायफॉइड होता."

आजाराचं नावसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

एस्तेरनं मान वळवली आणि ती मैत्रिणींत मिसळली.

जेवणं झाली, बिशपसाहेब गेले. आबांची एसटी चारची होती. कडूबा पिशवी घेऊन पुढं झाला तसे आबा ओसरीवर थांबले आणि त्यांनी हाक मारली, "सूनबाई, जरा इकडं ये." ती जवळ गेली. ते हळूच म्हणाले, "तुला ताप कवा आला व्हता?"

तिनं त्यांच्या खांद्यावरचं उपरणं नीट केलं.

"नाय, इचारलं. तुला शिंक आली तरी प्रभाकर मला निरोप धाडतो. पोरगी लई चांगलं बोलली. माझ्यापरीस चांगलं बोलली. म्हणून इचारलं."

तेव्हा मार्थाबाईला रडू आवरेना. "मामा, तिला नव्हतं म्हणायचं. मीच म्हणायला लावलं. तुम्ही ऐकायला आला होता म्हणून. तुम्ही म्हणालात, ऐकलं की मी मोकळा..."

"मला तिचं ऐकायचं व्हतं," आबा म्हणाले. "नाय भेटला म्हनली असती, तर तेच ऐकलं असतं. त्यात काय? मला तरी कुठं येळेवर भेटला? पोरं झाली, केस पिकायला लागले, मंग भेटला." त्यांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला. कडूबानं त्यांचा हात धरला आणि ते पायऱ्या उतरून गेले. चार दिवस जिच्यासाठी जीव टांगणीला लावला, ती गोष्ट ज्याच्यासाठी केली त्यालाच नको होती. तिनं फक्त विचारायला हवं होतं, पण तिला ते सुचलंच नव्हतं.

दिवेलागणीला रोजच्यासारखी घरातली प्रार्थना झाली. सतरंजी अंथरली, गाणं झालं. आज प्रभाकर म्हणाले, "आजपासून प्रार्थना एस्तेर करणार. आता ती मोठी झाली." एस्तेरनं डोळे मिटले, हात जोडले.

तिनं सुरेख प्रार्थना केली. आबांचा प्रवास सुखाचा होऊ दे म्हणाली. आईसाठी तर किती मागितलं. आईला बळ दे, आईच्या मनाला शांती दे, तिच्या चुका, आणि माझ्याकडून झाल्या असतील त्याही, क्षमा कर. मार्थाबाईनं प्रार्थनेत डोळे कधी उघडले नव्हते, ते आज उघडले. लेकीचा चेहरा शांत होता. सकाळी चर्चमध्ये होता, तितकाच शांत. ती त्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली. आईला लेकराचं खोटं ओळखता येतं म्हणतात. तिला काहीच ओळखता येईना.

आमेन झालं. प्रभाकर उठून बाहेर गेले. मायलेकी सतरंजीची घडी घालायला लागल्या, एक टोक हिच्या हातात, एक तिच्या.

"एस्तू," मार्थाबाईनं विचारलं, "आत्ता म्हटलंस ते खरं होतं का गं?"

एस्तेरनं हातातलं टोक आईच्या हाती दिलं. ती रागावली नव्हती. उलट तिला आईची कीव आल्यासारखी दिसली.

"आता तुला कसं कळणार, आई?"